आमची वाटचाल : गावभाग ते मार्केट यार्ड

मी मूळची लॅबवाली. डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाची पदविका, करून मिरजेतल्या एका हॉस्पिटलात वर्षानुवर्षं रक्त काढलं, स्लाइड पाहिल्या, रिपोर्ट टाइप केले. डॉ. वॉन्लेस यांनी मिशनचं हॉस्पिटल काढलं तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातून रात्रीच्या गाडीने आलेली माणसं सकाळी उपाशीपोटी आमच्या खिडकीशी रांग लावायची. त्यातल्या कितीतरी जणांचा रिपोर्ट नॉर्मल यायचा, आणि तो हातात घेताना त्यांचा चेहरा उतरायचा. एवढं दुखतंय आणि कागद म्हणतोय काही नाही! डॉक्टरांना वेळ नसायचा. मग ती माणसं माझ्याच खिडकीशी रेंगाळायची. बाटल्यांवर लेबलं लावता लावता मी कुणाच्या सुनेचं ऐकलं, कुणाच्या सोसायटीच्या कर्जाचं. या कामाकडे मी अशी वळले. दृष्टान्त वगैरे काही झाला नाही.

नोकरी सांभाळून इग्नूतून मानसशास्त्रात एम.ए. केलं. अल्बर्ट एलिस यांची आरईबीटी, म्हणजे विवेकनिष्ठ विचारांतून भावना सावरायची उपचारपद्धती, १९५५ सालची. मराठीत ती रुजवली डॉ. कि. मो. फडके यांनी. ती शिकताना मला पहिल्यांदा वाटलं, की हेही लॅबसारखंच काम आहे. घटना वेगळी काढायची, तिच्याबद्दलचा समज वेगळा काढायचा, त्यातून आलेला त्रास वेगळा. पुढे माझ्या भागीदार भेटल्या. आम्ही सगळे त्यांना ‘योगाच्या बाई’च म्हणायचो. कैवल्यधामात शिकलेल्या, शाळेतून निवृत्त, आवाज असा की ‘उजवा पाय सैल सोडा’ म्हटल्यावर खोलीबाहेर वाट बघत बसलेला माणूसही सैल व्हायचा. २०१२ साली आम्ही दोघींनी सांगलीच्या गावभागात तळमजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि ‘समुपदेशन व समग्र उपचार’ अशी पाटी लावली. सुरुवातीला लोक पत्रिका घेऊन यायचे.

‘समग्र’ म्हणजे काय, हे सगळे विचारतात. माझ्याकडे समग्र म्हणजे आधी टीएसएच, थायरॉइडची रक्तचाचणी. धडधडतंय, घाम येतोय, वजन घटलंय, झोप नाही? आधी थायरॉइड बघून या. बाई सारखी थकलेली, चिडलेली, रडवेली? हिमोग्लोबिन आणि बी-१२ करा, मग बसू. शाकाहारी घरांत तर बी-१२ बऱ्याचदा कमी निघतं. ज्याला गोळीची गरज आहे त्याला तासभर समजावत बसणं ही फसवणूकच. या हट्टापायी पहिल्या वर्षी निम्मे लोक परत गेले ते पुन्हा आलेच नाहीत. भागीदारीणबाई म्हणायच्या, ‘अगं, गिऱ्हाईक घालवतेस तू.’ घालवलं. पण आजपर्यंत आमच्या खोलीत कुणाची मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेली गोळी बंद झालेली नाही, आणि हे मी छाती ठोकून सांगते.

हत्यारं थोडीच. दोन वेताच्या खुर्च्या, समोरासमोर नव्हे, काटकोनात. समोरासमोर बसलं की चौकशी चालल्यासारखं वाटतं. घड्याळ येणाऱ्याच्या डोक्यामागे भिंतीवर, म्हणजे मला वेळ कळावी आणि मनगटाकडे बघावं लागू नये. नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली, पीएचक्यू, मराठीतली, कडा दुमडलेली. तिची बेरीज शून्य ते सत्तावीस, पण माझा डोळा आधी नवव्या प्रश्नावर जातो. तो मरणाच्या विचारांचा. तिथे शून्य सोडून काहीही असलं की बाकीचं सगळं बाजूला. आणि एक लाकडी पेटी, इंग्लंडच्या डॉ. बाख यांच्या अडतीस पुष्पौषधींच्या (फुलांपासून केलेल्या थेंबांच्या) कुप्यांची, ब्रँडीत टिकवलेल्या. या पेटीवरून डॉक्टरमंडळी मला टोमणे मारतात. चाचण्यांमध्ये ही औषधं नुसत्या पाण्याच्या थेंबांपेक्षा सरस ठरलेली नाहीत, हे मी मागणाऱ्याला आधी सांगते आणि मगच पेटी उघडते. थेंब दिवसातून चार वेळा घ्यायचे असतात. त्या निमित्ताने माणूस चार वेळा थांबतो, आणि मला ते थांबणं हवं असतं.

आमचे सर्वांत जुने गिऱ्हाईक हळदीच्या पेठेतले एक अडत्ये. त्यांचं सांगते ते त्यांना विचारूनच. ऐन हंगामात सौदे चालू असताना त्यांच्या छातीत कळ आली, घाम फुटला, आता संपलं असं वाटलं. ईसीजी झाला, पट्ट्यावर चालवून करतात ती टीएमटी झाली, सगळं स्वच्छ. तरी पेठेत पाऊल टाकायचं म्हटलं की धाप लागायची. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, ‘ताई, ते फुलांचं पाणी मला नको. डोळे मिटून पडायलाही सवड नाही. कागदाचं काय असेल ते बोला.’ त्यांना विचारांचा तक्ता भरायला दिला. वही घरी सापडेल म्हणून ते काटापट्टीच्या पाठीवर लिहायचे. एका बाजूला पोती, वजन, दर. दुसऱ्या बाजूला ‘मला आत्ता काय होईल असं वाटलं’ आणि ‘खरं काय झालं’. असल्या पट्ट्यांचा गठ्ठा घेऊन ते यायचे, तेव्हा माझ्या टेबलावर हळदीची पिवळी पूड सांडायची. पुढे हळूहळू सौद्यात उभे राहिले, आधी कडेला, मग मधोमध. उपचार संपल्यावर त्यांनी पेठेतली किती माणसं माझ्याकडे धाडली याची मोजदाद नाही.

मधल्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं नाही. काम वाढलं, योगाच्या बाईंचे गुडघे गेले, त्या मुलाकडे राहायला गेल्या. त्यांच्या जागी मी एक तरुण मदतनीस घेतला. नोंदवही, वेळा, फोन, सगळं त्याच्याकडे. शिकवलंही.

मग ऑगस्ट २०१९. सांगलीत नदीकाठची घरं २००५ च्या पुराची खूण भिंतीवर जपतात. आमची कपाटंही त्या खुणेच्या वर होती. कृष्णा आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांच्या वर गेली आणि ती खूण कुठल्या कुठे बुडाली. खुर्च्या, पेटी, इतक्या वर्षांच्या फायली, सगळं चिखलात. ओल्या फायली फेकताही येत नाहीत, त्यांत माणसांची गुपितं असतात. मी आणि आमच्या ह्यांनी पाटील गल्लीतल्या एका गच्चीवर बसून त्या पान पान फाडून जाळल्या.

त्याच दिवसांत निवारा केंद्रांमध्येही जात होते. ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटल्यापासून पोरं बादलीत पाणी पडलं तरी दचकायची. तिथे कुणीकुणी उत्साही मंडळी लोकांना गोल करून बसवत आणि ‘काय काय झालं ते सविस्तर सांगा’ म्हणत. हे करू नये. पहिल्या आठवड्यात माणसाला कोरडे कपडे, हरवलेल्या नातेवाइकाचा फोन आणि रात्रीची झोप लागते. बोलायचं असेल तो आपण होऊन बोलतो.

मी तिकडे चिखलात असताना आमच्या मदतनीसाने विश्रामबागेत, जिथे पाण्याचा थेंब नव्हता, स्वतःचं केंद्र थाटलं. पुरातून वाचलेली एकच वस्तू म्हणजे नोंदवही. ती त्याच्या घरी होती. त्याने ओळीने सगळ्यांना फोन केले : ‘ताईंचं बंद पडलं, आता आपण इकडे बसतो.’ दोन दिवसांचं कुठलंसं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलं, ‘सात बैठकांत नैराश्य मुळासकट’ अशी पत्रकं वाटली. त्याला कोण अडवणार? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागते, पण नुसत्या समुपदेशकाची पाटी तेव्हा कुणीही लावावी असा कारभार. २०२१ साली त्यासाठी कायदा आला, तोवर माझं व्हायचं ते नुकसान झालं होतं.

उन्माद-नैराश्याच्या आजारासाठी लिथियमवर असलेल्या एका मुलाला त्याने ‘विष कशाला घेता’ म्हणून गोळ्या सोडायला लावल्या. लिथियम अचानक तोडलं की उन्माद उसळून परत येतो, हे आमच्या धंद्यात पहिल्या धड्यात शिकवतात. पोरगा तीन रात्री जागा, घरात तोडफोड, शेवटी दाखल करावा लागला. त्याचे वडील भांडायला आले ते माझ्या दारात. ‘ती तुमचीच शाखा ना?’ मला पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरांनीही तेच धरलं आणि पाठवणं थांबवलं. त्याबद्दल माझ्याशी कुणी एक शब्द बोललं नाही. पूर ओसरला, हे अजून ओसरलेलं नाही.

त्या हिवाळ्यात मी परत लॅबमध्ये अर्ज टाकायच्या बेतात होते. तेव्हा अडत्ये आले. मार्केट यार्डात त्यांच्या गाळ्यावर एक खोली पडून होती. ‘भाडं नको, ताई.’ जुन्या गिऱ्हाइकाची जागा घ्यावी का, हा आमच्यात साधा प्रश्न नाही. मी माझ्या मार्गदर्शक बाईंशी बोलले. उपचार संपून वर्षं झाली आहेत, तर भाडं चालू दराने, चेकने, करार करून, असं ठरलं. अडत्ये रागावले, महिनाभर बोलले नाहीत, मग सही केली. करोनात फोनवरून बसत होतो, २०२१ ला पुन्हा पूर आला तेव्हा आम्ही पहिल्या मजल्यावर कोरडे.

नव्याने या कामात येणाऱ्यांनी विचारलेलं नाही, तरी सांगते. फी पहिल्या दिवसापासून घ्या, थोडी घ्या पण घ्या. नोंदवही घरी कुणालाही नेऊ देऊ नका. गावातल्या दोन मानसोपचारतज्ज्ञांचे नंबर तोंडपाठ ठेवा, आणि रात्री-बेरात्री फोन करणाऱ्याला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ द्या. आपण चोवीस तास जागे राहू असं सांगू नका, तसं राहणं होत नाही.

सध्या आठवड्यातले पाच दिवस खोली भरलेली असते. डॉक्टरांपैकी एक जण पुन्हा पेशंट पाठवतात, चिठ्ठीवर ‘टीएसएच केलं आहे’ असं आधीच लिहून. विश्रामबागेतलं केंद्रही चालू आहे. त्याच्या पत्रकावर अजून ‘स्थापना २०१२’ छापतात. २०१२ साली तो बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होता.