"पुण्यात गाडी चालवलीये, मग मस्कतला काय अवघड?"

सुट्टीला सांगलीला आले की हा विषय हमखास निघतो. कुणाच्या मुलाला ओमानात, मस्कतला नोकरी लागलेली असते, कुणाची लेक-जावई तिथल्याच सोहारला निघालेले असतात. आई काळजीने विचारते, "तिकडे गाड्या फार बेफाम चालवतात म्हणे. तुम्हाला भीती नाही वाटत?" मुलगा शेजारीच बसलेला असला तर तो मध्येच म्हणतो, "अगं, मी पुण्यात गाडी चालवलीये, मला काय होतंय!" आईचा प्रश्न आणि मुलाचं उत्तर, दोन्हींवर मला बरंच बोलायचं असतं आणि चहा संपेपर्यंतच्या वेळात ते होत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

भीती वाटते. इतकी वर्षं मस्कतला राहून, रोज गाडी चालवूनही वाटते, आणि ती जाऊ नये असंच मला वाटतं. पण ती नेमकी कशाची, ते समजून घ्या.

पुण्यात स्वारगेटच्या चौकात चारी बाजूंनी दुचाक्या अंगावर येतात, रिक्षा कुठूनही घुसते, पण सगळ्यांचा वेग वीस-पंचवीसचा असतो. समोरचा काहीतरी उलटंसुलटं करणार हे धरूनच प्रत्येक जण चालवतो. आरसा मोडतो, बंपर चेपतो, दोन शब्द होतात आणि माणूस घरी जातो. मस्कतचा रस्ता पाहिलात तर तुम्ही म्हणाल, इथे कसला अपघात होतोय! रुंद लेन, खड्डा नावाला नाही, रात्री दिव्यांचा लखलखाट. मस्कत एक्सप्रेसवेवर 120 ची मर्यादा आहे. त्या वेगाने गाडी सेकंदाला तेहतीस मीटर जाते. तुम्ही आरशात नजर टाकून पुन्हा समोर बघेपर्यंत तेवढं अंतर गेलेलं असतं. आणि आरशात दिसते ती दीडशेने आलेली लँड क्रूझर, तुमच्या बंपरला जवळजवळ चिकटून डिपर मारणारी. पुण्याचा सराव इथे कामाला येत नाही. गर्दीतून गाडी काढायचं कसब वेगळं आणि मोकळ्या रस्त्यावर वेगाचा अंदाज घेणं वेगळं. त्या मुलाचं उत्तर मला म्हणूनच जास्त घाबरवतं. रस्ता चांगला आहे म्हणजे आपण सुरक्षित आहोत, हा समज तिथे माणसं मारतो.

ओमानी माणसाबद्दल मात्र वाईट बोललेलं मला खपत नाही. इतकी अदबशीर माणसं मी कमी पाहिली आहेत. झेब्रा क्रॉसिंगवर तुम्ही पाय टाकला की गाडी थांबते. हायवेला टायर बसला तर पहिला थांबणारा बहुतेक वेळा डोक्यावर कुम्मा, म्हणजे तिथली भरतकामाची गोल टोपी, घातलेला ओमानीच असतो. शिवाय रस्त्यावर एकटे तेच नसतात. केरळचे, लाहोरचे, ढाक्याचे, कैरोचे, मनिलाचे, सगळे आपापल्या गावच्या सवयी घेऊन त्याच रस्त्यावर असतात, आणि आपणही असतो. कोण कधी लेन बदलेल याचा सगळ्यांचा अंदाज वेगवेगळा.

सरकारनेही हातावर हात ठेवलेला नाही. 2009 च्या ऑक्टोबरात ओमानचे तेव्हाचे सुलतान काबूस यांनी भाषणात रस्त्यावरच्या मृत्यूंचा विषय काढला, आणि तेव्हापासून 18 ऑक्टोबर हा दिवस तिथे वाहतूक सुरक्षेसाठी पाळतात. तरी 2012 मध्ये 1,139 माणसं रस्त्यावर गेली, आणि तेव्हा देशाची लोकसंख्या चाळीस लाखसुद्धा नव्हती. मग जागोजागी वेग टिपणारे रडार लागले, कायदा कडक झाला. 2020 मध्ये आकडा 371 वर आला. त्या वर्षी कोरोनामुळे रस्ते ओस होते हे खरं, पण आधीपासूनच तो उतरत होता. रडारमुळे फरक पडतो, तो मी रोज बघते. मात्र रडार दिसला की काही जण कचकन ब्रेक मारतात आणि तो मागे पडला की पुन्हा सुसाट सुटतात. म्हणून रडारच्या अलीकडे पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवायचं.

आपलं भारतातलं लायसन्स दाखवलं की तिथलं मिळालं, असं होत नाही. उस्तादाकडे, म्हणजे गाडी शिकवणाऱ्याकडे, शिकावं लागतं आणि मग पोलिसांसमोर परीक्षा: उभ्या केलेल्या ड्रमच्या मधून गाडी रिव्हर्स घेणं, चढावर गाडी मागे न सरकू देता उचलणं, आणि शेवटी रोड टेस्ट. आपल्याकडची मुलं यावर फार चिडतात. "दहा वर्षं चालवतोय, आता मला ड्रम टेस्ट?" मला हा नियम अगदी योग्य वाटतो. माझे उस्ताद बारका गावचे वयस्कर गृहस्थ होते, हिंदी छान बोलायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला गाडी सुरूच करू दिली नाही. सीट, आरसे, पट्टा, आणि मान वळवून मागे बघणं, एवढंच. पुढे रस्त्यावर आल्यावर लेन बदलताना मी आरशात बघितलं आणि खांद्यावरून मागे बघितलं नाही, की ते बोटाने डॅशबोर्डवर टकटक करायचे. बोलायचे नाहीत, रागवायचे नाहीत. आरशात न दिसणारी गाडी शेजारी असते हे त्या टकटकीने माझ्या मानेत कायमचं बसवलं. नवं लायसन्स आधी एकाच वर्षाचं मिळतं आणि त्या वर्षात नियम मोडल्याचे काळे पॉइंट साठले तर ते हातचं जाऊ शकतं. हेही बरंच आहे.

गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूऐवजी उजव्या बाजूने चालवायची म्हणून सगळे घाबरतात, पण ते पंधरा दिवसांत जमतं. राउंडअबाउटला वेळ लागतो. डावीकडून आत आलेल्याला आधी जाऊ द्यायचं आणि आपल्याला कुठे बाहेर पडायचंय त्याप्रमाणे लेन आधीच धरायची. आतल्या लेनमधून शेवटच्या क्षणी बाहेर सुटणारे असतात. त्यांना सुटू द्या. एक फेरी जास्त मारली तर काही बिघडत नाही.

डिपर मारणाऱ्यालाही असंच जाऊ द्यावं. आपली माणसं इथे हट्टाला पेटतात. "मी 120 ने चाललोय, मर्यादेत आहे, मी का हलू?" सगळ्यात डावीकडची लेन ओव्हरटेकसाठी आहे. ओव्हरटेक झाला की उजवीकडे या. त्याला वाट देण्यासाठी वेग वाढवू नका आणि धडा शिकवायला ब्रेकला पाय लावू नका. त्याला शिकवायचं काम पोलिसांचं आहे. पुढे रहदारी अचानक थांबलेली दिसली तर लगेच चारी इंडिकेटर लावा, म्हणजे मागच्याला कळेल. ही पद्धत तिथे सगळे पाळतात आणि ती फार मोलाची आहे.

आता जे बघून माझा जीव खरोखर तुटतो ते सांगते. शाळा सुटायची वेळ. भल्यामोठ्या गाडीच्या पुढच्या दोन सीटच्या मध्ये पाच-सहा वर्षांचं पोर उभं असतं, दोन्ही हात दोन्ही सीटवर, तोंड विंडस्क्रीनकडे. कधी सनरूफमधून डोकं बाहेर. कधी ड्रायव्हरच्याच मांडीवर तान्हं. यात ओमानी असतात आणि आपले लोकही असतात, भारतात कधी पट्टा लावलाच नाही म्हणून. 2018 पासून मागे बसणाऱ्यांनाही पट्टा आणि चार वर्षांखालच्या मुलांना चाइल्ड सीट सक्तीची आहे. तरीही आई म्हणते, "रडतो हो सीटमध्ये." रडू दे. पाच मिनिटं रडेल. महाराष्ट्रातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको होतं. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. गाडी उत्तम होती, ते मागच्या सीटवर होते आणि पोलिसांनी सांगितल्याप्रमाणे पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर महिनाभर सगळ्यांनी मागे बसून पट्टे लावले, मग पुन्हा सोडले. आमच्या गाडीत शेवटच्या माणसाचा पट्टा लागल्याशिवाय गाडी हलत नाही. पाहुणे हसतात. हसोत.

दक्षिण ओमानातल्या सलालाचंही बरेच जण विचारतात, म्हणून तेही सांगते. जून ते सप्टेंबर खरीफचे, म्हणजे तिथल्या पावसाळ्याचे दिवस. सगळं आखात भाजत असताना सलालाचे डोंगर कोकणासारखे हिरवेगार असतात आणि आपल्या माणसाला तिथे जायचा मोह आवरत नाही. मस्कतपासून हजारेक किलोमीटर: निझवा, आदम, हैमा, थुमरैत. मध्ये सपाट वाळवंट, वळण नाही, झाड नाही. झोपेला याहून चांगली जागा नाही. या रस्त्याचा मोठा भाग कित्येक वर्षं दुभाजकाविना होता आणि समोरासमोरच्या धडकेत कुटुंबंच्या कुटुंबं गेली. रात्री उंट रस्त्यावर येतात. उंटाचे पाय उंच असतात, त्यामुळे गाडी पायांवर आदळते आणि सगळं धड काचेवर येतं. शेवटी थुमरैतहून डोंगर उतरताना इतकं धुकं असतं की पुढच्या गाडीचा लाल दिवाही दिसत नाही. माझं सांगणं एवढंच की एका दमात जाऊ नका. हैमाला मुक्काम करा, अंधार पडायच्या आत गाडी थांबवा. आणि सुट्टी एक दिवस कमी मिळत असेल तर विमानाने जा.

पावसाचंही तसंच. ओमानमध्ये पाऊस क्वचित पडतो आणि पडला की वाद्या, म्हणजे एरवी कोरडी असलेली नदीपात्रं, तासाभरात दुथडी वाहतात. आपण पावसातली माणसं, आपल्याला वाटतं गुडघाभर पाण्याचं काय एवढं! पण ते डोंगरातून दगडगोटे घेऊन येणारं पाणी असतं, त्यात मोठी फोर-व्हीलही तरंगते. एप्रिल 2024 मध्ये समद अल शान या गावी शाळकरी मुलं अशाच पाण्यात गेली. त्या दिवशी घराघरांत कुणी जेवलं नाही. वाहत्या वादीत गाडी घालणं कायद्याने गुन्हा आहे. पलीकडचे लोक हात करून "या, या" म्हणाले तरी थांबायचं.

हे सगळं मी स्वतःची गाडी असलेल्यांसाठी लिहिलं. पण ज्यांच्या हातात स्टिअरिंगच नाही, त्यांचं काय, हा प्रश्न मला कुणी विचारत नाही. कॅम्पवरून साइटवर बसने जाणारे मजूर, त्यात आपले विदर्भ-मराठवाड्यातलेही. पहाटे चारला निघायचं, उन्हात दिवस काढायचा आणि तितक्याच थकलेल्या ड्रायव्हरच्या भरवशावर परत यायचं. पादचारी पूल लांब असतो म्हणून संध्याकाळी दुकानात जायला हायवे पळत ओलांडायचा. अंगात गडद कपडे, समोरून शंभर-सव्वाशेने गाड्या. 6 जून 2019 ला, ईदच्या सुट्टीत, मस्कतहून दुबईला गेलेली प्रवासी बस उंची अडवणाऱ्या लोखंडी कमानीवर आदळली. सतरा गेले, त्यातले बारा भारतीय. त्यातल्या कुणाच्या हातात काही नव्हतं. ओमानमध्ये जिवाची भरपाई, तिला दिया म्हणतात, पंधरा हजार रियाल ठरलेली आहे. ती बहुतेकदा समोरच्याच्या विम्यातून येते. पण कागदपत्रं, कोर्ट, वारसदाखला यांत गावाकडची बायको किती पिचते ते मी जवळून पाहिलंय. तुमच्या घरचं माणूस कामगार म्हणून जात असेल तर त्याला एवढं नक्की सांगा: ड्रायव्हर पेंगताना दिसला तर सगळ्यांनी मिळून बस थांबवायला लावायची. एकट्याचं कुणी ऐकत नाही, वीस जणांचं ऐकतात.

मस्कतला नोकरी लागलेल्या त्या मुलाने पहिल्याच महिन्यात जुनी गाडी घ्यावी का? घेऊ नये. केशरी-पांढऱ्या टॅक्सीने हिंडावं, रस्ते ओळखीचे करावेत. घेईल तेव्हा इंजिन बघायच्या आधी टायर बघावेत. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. 2319 असेल तर तो 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. वरून नवाकोरा दिसला तरी आखाताच्या उन्हात रबर आतून वाळलेलं असतं आणि भर वेगात फुटतं. पाचेक वर्षांहून जुने टायर असतील तर बदलायचे पैसे भावातून कापून घ्यावेत. गुरुवारी संध्याकाळी मस्कतहून सोहारकडे निघू नये. शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीसाठी सगळा देश त्याच वेळी त्या दिशेला निघालेला असतो. शुक्रवारी सकाळी सुखाने जावं. पोलीस आणि रुग्णवाहिकेसाठी एकच नंबर, 9999, फोनमध्ये सगळ्यात वर ठेवावा.

आणि आई, तुम्हाला एक सांगते. ओमानचं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे. आपल्याकडे संध्याकाळी साडेसहा-सात वाजतात, दिवाबत्ती होते, तुम्हाला मुलाची आठवण येते आणि तुम्ही फोन लावता. तिथे तेव्हा पाच-साडेपाच झालेले असतात. तो नुकताच ऑफिसातून निघून हायवेवर लागलेला असतो, आणि आईचा फोन म्हटल्यावर तो उचलणारच. तुम्ही जेवणं आटोपल्यावर, साडेनऊनंतर करा.