फाइल समोर आहे, तरी 'नो सच फाइल'?

विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर चालवली की 'बॅड इंटरप्रिटर: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' किंवा त्याच अर्थाचा एरर येतो. 'एलएस' केलं तर फाइल जागेवर असते, एक्झिक्यूट परमिशनही असते. खरं तर सापडत नसतो तो पहिल्या ओळीतला बॅश, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम.

विंडोजमध्ये ओळीच्या शेवटी दोन कॅरेक्टर असतात: कॅरेज रिटर्न (आस्की १३) आणि लाइन फीड (आस्की १०). युनिक्समध्ये फक्त लाइन फीड. कर्नल (लिनक्सचा गाभा) शिबँगची, म्हणजे '#!' ने सुरू होणारी पहिली ओळ लाइन फीडपर्यंत वाचतो, म्हणून ते १३ बॅशच्या नावाला चिकटतं आणि त्या नावाचा प्रोग्रॅम कुठेच नसतो. टर्मिनलवर जुन्या बॅशमध्ये निदान '^एम' (त्याच १३ ची खूण) दिसून संशय तरी येतो. डॉकरच्या एन्ट्रीपॉइंटच्या (कंटेनर सुरू होताना चालणाऱ्या स्क्रिप्टच्या) एररमध्ये बहुधा तेही दिसत नाही, आणि माणसं डॉकरफाइलमधल्या 'कॉपी' ओळीचा पाथ तपासत बसतात.

'बॅश' लिहून पुढे स्क्रिप्टचं नाव दिलं की शिबँग टळतो, पण हा उपाय नव्हे. उलट धोका वाढतो. चूक होताच स्क्रिप्ट थांबवणाऱ्या 'सेट -ई' या ओळीलाही १३ चिकटलेलं असतं. बॅश 'इनव्हॅलिड ऑप्शन' म्हणतो आणि पुढे चालू लागतो. म्हणजे थांबण्याची सोयच गेली. मग फोल्डर बदलणारं 'सीडी' फसतं आणि त्याखालच्या कमांड भलत्याच फोल्डरमध्ये चालतात. रीडायरेक्ट केलेल्या फाइलच्या नावातही तो अदृश्य वर्ण शिरतो.

खात्री करायला 'फाइल' ही कमांड पुरते: उत्तरात 'सीआरएलएफ लाइन टर्मिनेटर्स' येतं (सीआर म्हणजे कॅरेज रिटर्न, एलएफ म्हणजे लाइन फीड). नेमक्या ओळी बघायच्या तर 'कॅट' ला कॅपिटल 'ए' चा पर्याय द्या. दोषी ओळींच्या शेवटी '^एम$' दिसेल.

दुरुस्तीला 'डॉसटूयुनिक्स' उत्तम, कारण फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ चा बीओएम (एन्कोडिंग सांगणारी अदृश्य खूण) असेल तर तोही ते काढतं. तो तीन बाइटचा बीओएमही शिबँग बिघडवतो. व्हिममध्ये 'सेट एफएफ=युनिक्स' करून सेव्ह करा; व्हीएस कोडमध्ये खाली उजवीकडे 'सीआरएलएफ' वर क्लिक करून 'एलएफ' निवडा.

पण गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) 'कोअर.ऑटोसीआरएलएफ' हे सेटिंग ट्रू असेल तर फाइल डिस्कवर उतरवताना, म्हणजे विंडोजवरच्या पुढच्या चेकआउटला, दुखणं परत येतं. प्रत्येकाच्या सेटिंगवर विसंबू नका, रेपोच्या '.गिटॲट्रिब्यूट्स' फाइलमध्ये एसएच एक्स्टेन्शनसाठी 'टेक्स्ट ईओएल=एलएफ' लिहा, 'गिट ॲड' ला 'रीनॉर्मलाइझ' पर्याय देऊन कमिट करा. विंडोजवर आधीच चेकआउट झालेल्या फाइल एवढ्याने बदलत नाहीत. त्या डिलीट करून पुन्हा चेकआउट कराव्या लागतात. 'गिट एलएस-फाइल्स' ला 'ईओएल' पर्याय दिला की इंडेक्समध्ये (गिटच्या स्वतःच्या नोंदीत) काय आहे आणि डिस्कवर काय, हे शेजारी-शेजारी दिसतं.

स्क्रिप्ट स्वच्छ असूनही तुलना चुकत असेल तर डेटा बघा. एक्सेलमधून आलेल्या सीएसव्हीच्या शेवटच्या कॉलमला हेच १३ चिकटलेलं असतं. वाचण्याआधी 'टीआर -डी' ने ते गाळून घ्या.