कोलंबसची (ओहायो) चीअरलीडिंग स्पर्धा: जाणार असाल तर आधी हे विचारून घ्या

सर्वात महत्त्वाचं आधी सांगते, म्हणजे घाईत वाचणाऱ्यांचं काम होईल. स्पर्धेला टीमचं नाव देण्याआधी तुमच्या जिमच्या मालकांना विचारा: फ्लोअर, म्हणजे प्रत्यक्ष सादरीकरण, वेळापत्रकाच्या मागे पडला तर हे आयोजक वॉर्मअप थांबवतात का? लेखी 'हो' मिळालं नाही तर तिकडे जाऊ नका. मग बॅनर (बक्षीस) कितीही मोठा असो, बिड (मोसमअखेरच्या मोठ्या स्पर्धेचं आमंत्रण) मिळण्याची शक्यता कितीही असो.

आम्ही डेट्रॉइटकडून जानेवारीत कोलंबसला दोन दिवसांच्या ऑल-स्टार (शाळेच्या नव्हे, खासगी जिमच्या टीमच्या) स्पर्धेसाठी गेलो होतो. लेक यूथ लेव्हल २ च्या (वय आणि कौशल्यानुसार ठरलेला गट) टीममध्ये बेस आहे, म्हणजे दुसऱ्या मुलीला खालून उचलून धरणारी. तुमच्या मुलीला किंवा मुलाला हँडस्प्रिंग (हातांवरून घ्यायची उलटी उडी) येते, वर्षभर सराव झालाय, युनिफॉर्म-बो-शूज सगळं घरात आहे, असं धरूनच लिहितेय. सरावात मुली कमी पडल्या असत्या तर मी हे लिहिलंच नसतं.

रस्ता सोपा आहे. आय-७५ ने टोलेडो आणि फिंडलेपर्यंत, तिथून कॅरीमार्गे यूएस-२३. खरा वेळ खातो तो डेलावेअर गावापासून आय-२७० पर्यंतचा तुकडा. इथे सिग्नलमागून सिग्नल आहेत आणि शुक्रवारी संध्याकाळी गाड्या हलत नाहीत. नकाशा जो वेळ दाखवेल त्यात पाऊण तास धरा. बाकी प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

आता हॉटेल. अशा बऱ्याच स्पर्धा 'स्टे टू प्ले' असतात, म्हणजे आयोजकांच्या यादीतल्या हॉटेलात, त्यांच्याच लिंकवरून खोली घेतली तरच टीमला स्पर्धेत उतरू देतात. आम्हाला दोन रात्रींची सक्ती होती. यादीतून खोली २१४ डॉलरला पडली. त्याच रात्री, त्याच हॉटेलच्या स्वतःच्या साइटवर तीच खोली १४९ ला दिसत होती. म्हणजे रात्रीला ६५ डॉलर जास्त, वर कर वेगळा. रिसेप्शनवर विचारलं तर उत्तर आलं की यादीतलं बुकिंग त्यांना बदलता येत नाही, आणि आम्ही रद्द केलं तर जिमचं नाव आयोजकांकडे जाईल. ही उघड लूट आहे. मुलीच्या खेळाला ओलीस ठेवून पैसे काढले जातात, दुसरा शब्द मला सुचत नाही.

हे फक्त आमच्याच वाट्याला आलं असंही नाही. या क्षेत्रातल्या सर्वात मोठ्या कंपनीवर टेनेसीच्या फेडरल कोर्टात मक्तेदारीचे सामूहिक दावे झाले आणि त्यात या हॉटेलसक्तीचाही मुद्दा होता. एक दावा २०२३ मध्ये ४ कोटी ३५ लाख डॉलरवर मिटला, तर पालकांच्या बाजूचा दुसरा २०२४ मध्ये ८ कोटी २५ लाख डॉलरवर. आमच्या स्पर्धेचे आयोजक वेगळे होते, पण खोल्यांची पद्धत तीच. काही आयोजक ठरावीक मैलांच्या आत राहणाऱ्यांना किंवा नातेवाइकांकडे उतरणाऱ्यांना सूट देतात. मात्र ती आपणहून कोणी सांगत नाही. नियमावली मागा, त्यात हॉटेलचं कलम शोधा आणि सूट असेल तर जिमकडून ईमेलवर मान्य करून घ्या. फोनवर मिळालेल्या 'चालेल' वर विसंबू नका.

एवढी सक्ती करणाऱ्यांनी वेळापत्रक कधी द्यावं? हॉटेलचे पैसे ऑक्टोबरात घेतले आणि वेळापत्रक आलं स्पर्धेच्या आठवड्यातल्या बुधवारी. त्यात पुन्हा शुक्रवारी रात्री साडेदहाला बदल. आमच्या टीमची शनिवारची वेळ दुपारी २:१० वरून ५:१२ वर गेली. ज्यांनी शनिवारी रात्री घरी परतायचं ठरवलं होतं, आजी-आजोबांना दुपारपुरतं आणायचं ठरवलं होतं, त्यांची सगळी आखणी कोलमडली. या वेळापत्रकाच्या भरवशावर परतीचं विमान अजिबात काढू नका.

दारावर फक्त कार्ड चालतं. दोन दिवसांचा पास ४५ डॉलर, पाच वर्षांवरच्या भावंडांनाही पूर्ण तिकीट. टीमची स्पर्धा-फी आपण जिमला भरलेलीच असते, त्यात आपली स्वतःची एंट्री धरलेली नसते. एकदा बाहेर पडलात की परत आत यायला नवं तिकीट, त्यामुळे गाडीत काही विसरायचं नाही. बॅगा उघडून पाहतात आणि बाहेरचं खाणं काढून ठेवायला लावतात. आमच्या टीममधल्या एका मुलीला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे. तिच्या आईला डॉक्टरचं पत्र दाखवूनही वीस मिनिटं दारात वाद घालावा लागला. अॅलर्जी असेल तर पत्राची प्रत कोचच्या बॅगेतही ठेवा, कारण मुलं वेगळ्या दाराने आत जातात आणि तिथे आपण नसतो.

आता मुलींना ज्या बोळात उभं ठेवलं त्याबद्दल.

आत काय होतं ते ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: वॉर्मअप रूममध्ये टीमला मिनिटांवर बांधलेला वेळ मिळतो. आधी स्ट्रेचिंगची जागा, मग टंबलिंगची (कोलांट्या-उड्यांची) पट्टी, मग स्टंटचे (मुलीला वर उचलून धरण्याचे) मॅट, शेवटी पूर्ण फ्लोअर. पुढची टीम आली की तुम्ही सरकायचं. सगळं एकाच दिशेने चालतं. आत शिरताना जॅकेट, पाण्याच्या बाटल्या, बॅगा पहिल्या दाराशी सोडायच्या आणि दुसऱ्या टोकाने थेट स्टेजच्या मागे बाहेर पडायचं. मागे फिरायला परवानगी नाही. पालकांना यातल्या कुठल्याच भागात प्रवेश नाही, आणि तो नियम मला मान्य आहे.

आमच्या मुलींचा वॉर्मअप उत्तम झाला, कोच म्हणाले वर्षातला सर्वात चांगला. तो संपवून त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्यापुढे पंधरा-सोळा टीम रांगेत उभ्या होत्या. फ्लोअर केव्हाच मागे पडला होता, पण वॉर्मअप रूमचं घड्याळ छापील वेळापत्रकाप्रमाणे चालूच होतं. दर काही मिनिटांनी आतून एक टीम बाहेर ढकलली जात होती आणि बाहेरची रांग वाढत होती. ही रांग होती माल उतरवण्याच्या दारालगतच्या काँक्रीटच्या बोळात. खाण्याच्या स्टॉलचं सामान आत घेण्यासाठी ते शटर वर-खाली होत होतं. ओहायोतला जानेवारी, अंगावर फक्त स्पर्धेचा युनिफॉर्म, जॅकेट आणि पाणी इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. दहा-अकरा वर्षांची मुलं तिथे तासभर उभी होती. बसायचं नाही, रांग सोडायची नाही. दोघींना बाथरूमला जायचं होतं, त्यांना 'आता तुमचाच नंबर आहे' असं सांगून थांबवलं. ते सांगितल्यावर आणखी अर्धा तास गेला.

कोचनी दोनदा विनंती केली: जॅकेट आणायला एका सहायकाला सोडा, किंवा फ्लोअरवर जायच्या आधी पाच मिनिटं टंबलिंगची पट्टी द्या. दोन्हीला नकार. कारण विचारलं तर 'इतर टीमवर अन्याय होईल'. त्याच रांगेतल्या प्रत्येक टीमला तेच हवं होतं.

गरम केलेलं शरीर नुसतं उभं राहिलं तर पंधरा-वीस मिनिटांत थंड पडायला लागतं, हे कोणत्याही खेळाच्या प्रशिक्षकाला माहीत असतं. लेव्हल २ मध्ये उभ्या जागेवरून बॅक हँडस्प्रिंग आहे, पूर्ण हात वर करून तोललेले स्टंट आहेत. आखडलेल्या खांद्यांवर आणि बधिर बोटांवर दुसऱ्या मुलीचं वजन येणार असतं. आमच्या दुसऱ्या स्टंटमध्ये एका बेसची पकड सुटली आणि फ्लायर, म्हणजे वर उचललेली मुलगी, खाली आली. मागून आधार देणाऱ्या बॅकस्पॉटने तिला मानेजवळ धरलं म्हणून ती बचावली. ते धरलं नसतं तर काय झालं असतं याचा विचार मी अजून पूर्ण करू शकत नाही. नंतर दोन हँडस्प्रिंगमध्ये गुडघे टेकले. सरावात महिनोन्महिने न चुकलेल्या गोष्टी होत्या या. स्कोअरशीटवर त्याची वजावट मुलींच्या नावावर लागली. लेक रात्री म्हणाली, "आई, माझे हात मला कळतच नव्हते."

उशीर का होतो हे समजायला मोठं गणित लागत नाही. रुटीन, म्हणजे एका टीमचं सादरीकरण, जास्तीत जास्त अडीच मिनिटांचं असतं. टीमने धावत येणं, जागा घेणं, संगीत सुरू होणं, बाहेर पडणं आणि परीक्षकांनी लिहिणं धरून एका टीमला चार मिनिटं लागतात. छापील वेळापत्रकात आमच्या सत्रातल्या टीमच्या वेळा तीन-तीन मिनिटांनी होत्या. वीस टीम झाल्या की वीस मिनिटं गेली, साठ झाल्या की तास गेला. त्यात एखादी मुलगी पडली की खेळ थांबतो, आणि तो थांबायलाच हवा. म्हणजे उशीर अपघाताने झाला नाही, तो कागदावरच होता. जास्त टीम घेतल्या की जास्त फी, जास्त पास, जास्त खोल्या. वेळापत्रक हातात आलं की पहिलं काम हे करा: लागोपाठच्या दोन टीममधलं अंतर पाहा. ते तीन मिनिटं असेल आणि फ्लोअर एकच असेल, तर तुमची टीम जितकी खाली तितका उशीर ठरलेला आहे.

कोच आणि पालकांनी मिळून काय करता येईल, ते आमच्याकडे आता ठरलं आहे. प्रत्येक मुलीचा जुना, फेकून दिला तरी चालेल असा स्वेटशर्ट कोचच्या एका मोठ्या पिशवीत, आणि ती पिशवी दाराशी न सोडता सहायक कोचच्या खांद्यावर पुढे न्यायची. पाणी त्याच पिशवीत. बाथरूम वॉर्मअपच्या आधी, सक्तीने. रांगेत सतत हालचाल: जागेवर उड्या, खांदे, मनगटं, घोटे. आणि उशीर अर्ध्या तासाच्या पुढे गेला तर कोचनी फ्लोअरच्या प्रमुखाला सरळ सांगायचं की पुन्हा वॉर्मअप मिळाल्याशिवाय टीम उतरणार नाही. आमच्या पालकांच्या बैठकीत यावर सर्वांचं एकमत झालं, स्पर्धा गेली तरी. कोचना हा पाठिंबा आधी आणि स्पष्ट शब्दांत द्या. बॅनरसाठी पालक आपल्यालाच दोष देतील या भीतीने बरेच कोच गप्प बसतात.

मुली बोळात होत्या तेवढा वेळ आम्ही पालक समोरच्या राखीव जागेच्या रांगेत होतो. ज्या टीमचा नंबर असेल तिच्याच पालकांना पुढे बसवतात आणि रुटीन संपलं की उठवतात. पद्धत चांगली आहे, फक्त उशिराची घोषणा कोणी करत नाही. अॅपवर आमची वेळ शेवटपर्यंत ५:१२ च दिसत होती. प्रत्यक्षात मुली उतरल्या ६:१५ ला. पुण्यात माझे आई-बाबा पहाटे साडेतीनला उठून लाइव्हस्ट्रीमसमोर बसले होते, ते पावणेपाचपर्यंत. त्या लाइव्हस्ट्रीमचं वर्गणीचं बिल वेगळं. भारतात कोणी पाहणार असेल तर त्यांना सांगा, आपला फोन आल्यावरच उठा. कोचच्या एका सहायकाने पालकांच्या ग्रुपवर दर पंधरा मिनिटांनी निरोप टाकायचा, एवढं ठरवलं तरी निम्मा मनस्ताप वाचतो.

बक्षीस समारंभ रात्री ८ ला होता, तो सुरू झाला पावणेअकराला. जमिनीवर झोपलेली मुलं उठवून रांगेत बसवली. आमच्या गटात तीनच टीम होत्या. निकालाबद्दल माझी तक्रार नाही, पहिली आलेली टीम सुरेख खेळली. एक लक्षात ठेवा: स्कोअरबद्दल दाद फक्त कोच मागू शकतात, तीही शीट मिळाल्यावर ठरावीक मुदतीत. परीक्षकांच्या टेबलाकडे पालकाने जाऊ नये, त्याचा फटका टीमला बसू शकतो.

रविवार वेळेवर झाला. टीम कमी होत्या, मुली गरम अंगाने उतरल्या आणि एकही वजावट न होता, हिट झिरो, बाहेर आल्या. त्याच मुली, तेच रुटीन. त्या उड्या मारत बाहेर आल्या तेव्हा मी आणि शेजारची आई दोघी रडत होतो, आणि त्याच क्षणी शनिवारचा राग दुप्पट झाला.

आयोजकांना आम्ही एकत्र पत्र पाठवलं: वॉर्मअप संपल्याची वेळ, फ्लोअरवर उतरल्याची वेळ, शटर कितीदा उघडलं, कोणाला काय नाकारलं. उत्तरात 'अनपेक्षित विलंबाबद्दल दिलगिरी' आणि पुढच्या वर्षी नोंदणीवर सवलत. सवलत नको, वॉर्मअप थांबवण्याचा नियम हवा, असं परत कळवलंय. त्यावर अजून उत्तर नाही. तुम्हीही तक्रार केलीत तर वेळा लिहून ठेवा, भावना नंतर. मेमध्ये ट्रायआउट (टीमसाठी निवड चाचणी) झाले की जिम पुढच्या हंगामाची स्पर्धांची यादी आणि वर्षाचा करार देते, आणि एकदा सही झाली की बोलायला जागा राहत नाही. या आयोजकाचं नाव यादीत असेल तर आमच्या जिमच्या निम्म्याहून जास्त घरांनी सही न करण्याचं ठरवलंय, आणि ते मालकांना एप्रिलमध्येच सांगणार आहोत.