महामार्गावर चढायचे कुठून?

वाढत्या उपनगरांसाठी नव्या महामार्गाची आखणी सुरू झाली की पहिला वाद होतो तो सहापदरी की आठपदरी, यावर. मला हा वाद दुय्यम वाटतो. वाहने कुठे चढणार आणि कुठे उतरणार हे एकदा ठरले की पुढची वस्ती कोणत्या अंगाने वाढणार, हेही बहुतांशी ठरून जाते.

साधा हिशेब पाहू. दोन गाड्यांमध्ये दोन सेकंदांचे अंतर धरले, तर एका मार्गिकेतून तासाला १८०० गाड्या जातात. दहा हजार घरांपैकी निम्म्या घरांतून सकाळच्या एकाच तासात एकेक गाडी निघाली, तर जवळजवळ तीन मार्गिका तेवढ्यानेच भरतात. शिवाय रस्ता मोकळा दिसला की आडवाटेने जाणारे त्यावर येतात, गर्दी टाळून लवकर निघणारे पुन्हा उशिरा निघू लागतात आणि पलीकडे नवी घरे उभी राहतात. अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी हे १९६२ मध्येच मांडले होते. अमेरिकेतील ह्यूस्टनच्या केटी फ्रीवे या महामार्गाचे रुंदीकरण २००८ मध्ये पूर्ण झाले. सेवा रस्ते धरून सर्वांत रुंद जागी २६ मार्गिका झाल्या, तरी काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला.

प्रत्येक वसाहतीला आपल्या दाराशी जोडरस्ता हवा असतो. पण चढण्याची आणि उतरण्याची जागा फार जवळ आली, की आत शिरणारी गाडी वेगवान मार्गिकेकडे सरकत असतानाच बाहेर पडणारी कडेला येऊ पाहते, आणि त्या टापूत एकाने ब्रेक दाबला की मागची रांग थबकत जाते. जवळच्या ये-जा करणाऱ्यांसाठी समांतर सेवा रस्ताच हवा, आणि त्याची जमीन इमारती उभ्या राहण्याआधी, म्हणजे आताच, राखायला हवी.

भरावाबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. नकाशावरची रेघ जमिनीवर पाच-सहा मीटर उंच बांध होते. पलीकडची, दोनशे मीटरवरची शाळा खिडकीतून दिसते, पण भुयारी मार्ग दीड किलोमीटरवर असेल तर मुलाला तीन किलोमीटरचा वळसा पडतो. प्रत्यक्षात ते कुंपणावरून उडी मारते. पाण्याला तेही जमत नाही, ते साचते. म्हणून बांधाखालून पाणी जाऊ देणाऱ्या मोऱ्यांचा आकार आजच्या मोकळ्या जमिनीवरून ठरवू नये. उद्या तिथे छपरे आणि काँक्रीट येणार आहे आणि त्यावरून पाणी कितीतरी लवकर वाहून येणार आहे.