शंभर माणसं

गेली तीन वर्षं मी पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीचा अभ्यास करतोय. पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती झोपेतून उठवलं तरी सांगेन. २४ एप्रिल १९९३ पासून लागू, अकरावी अनुसूची, त्यात पंचायतींकडे द्यायचे २९ विषय. आणि वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत मी माझ्या गावच्या एकाही ग्रामसभेला बसलो नव्हतो.

यंदा १५ ऑगस्टला माण तालुक्यातल्या आमच्या गावी होतो. झेंडावंदन झालं, पोरांना खाऊ वाटला, आणि शाळेच्या व्हरांड्यात सभा सुरू झाली. गणपूर्तीला, म्हणजे सभा चालायला लागणाऱ्या किमान हजेरीला, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला कमी असेल तो आकडा लागतो. आमच्याकडे १०० लागत होते. मी मोजले, ४३ भरले. सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, हे मला पुस्तकातून माहीत होतं. आठवड्यानं ती सभा चौदा माणसांत उरकली, हे आईनं फोनवर सांगितलं तेव्हा त्या नियमाचा अर्थ कळला.

पहिल्या दिवशी आम्ही पोरं कुठं होतो? समोरच्या पारावर. वीस-बावीस जण, सगळे मतदार. मतदानाचं वय २१ वरून १८ वर आणणारी ६१ वी घटनादुरुस्ती आमच्या जन्माआधीची. हक्क आम्हाला आयता मिळाला, म्हणूनच तो वापरायचं सुचलं नाही असं मला वाटतं. याचं मला खरंच वाईट वाटलं.

मग गावच्या ग्रुपवर मी ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवरचा आमच्या ग्रामपंचायतीचा विकास आराखडा टाकला. तो कुणालाही मोबाइलवर बघता येतो. पंचायतीला मिळणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. आणि आमच्या शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला नळ नाही! माझी बहीण सातवीत आहे, दुपारपर्यंत पाणी पीत नाही. हे मला घरात राहून माहीत नव्हतं. ग्रुपवर चर्चा सुरू झाली तेव्हा आईनं सांगितलं.

२ ऑक्टोबरला पुढच्या वर्षीच्या आराखड्याचा विषय होता. आदल्या रात्री आम्ही सहा जण घरोघर फिरलो. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आमी बायांनी येऊन काय करायचं रं?" म्हटलं, "काकू, नळाचं तुम्हीच बोला, आम्हाला बोलता येणार नाही." सकाळी ११८ जण आले. काकू उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि दोनच वाक्यं बोलल्या. कुणी हरकत घेतली नाही. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी ठराव लिहिला तेव्हा मी शेजारी उभं राहून तो वाचला. सूचक म्हणून काकूंचं नाव होतं.

अभ्यासिकेतल्या मित्रांना हे सांगितलं तर एकानं विचारलं, "यात तुझे किती दिवस गेले?" चार गेले. परीक्षा जवळ आली आहे, मलाही भीती वाटते. पण कलेक्टर झाल्यावर गावासाठी काहीतरी करू, असं आम्ही सगळे एकमेकांना सांगत असतो, आणि त्यातल्या बहुतेकांना आपल्या गावचा आराखडा कसा दिसतो हे ठाऊक नाही. पंचायतीला उभं राहायला २१ वर्षं पुरतात. सभेत बोलायला तर नुसतं मतदार यादीत नाव लागतं.

नळ अजून बसलेला नाही. २६ जानेवारीच्या सभेत तोच पहिला प्रश्न विचारायचा, असं ग्रुपवर ठरलंय. २५ च्या रात्री स्वारगेटवरून एसटीनं निघतोय. गावचे आणखी तिघं पुण्यात आहेत, तेही येतायत.