आधी पुस्तक वाचा

शाळांना उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की आमचं वाचनालय दुपारीही भरलेलं असतं. नागपुरात मे महिन्यात बारा ते पाच मोठी माणसं घराबाहेर पडत नाहीत, पण मुलं येतात. त्यांना कूलरची हवा मिळते आणि पुस्तकंही. त्या शनिवारी देवघेवीच्या काउंटरवर मी एकटीच होते. एक गृहस्थ नववीतल्या मुलाला दंडाला धरून आत आले आणि पुस्तक माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "मॅडम, असली पुस्तकं देऊन राहिले तुम्ही पोरांना?"

पुस्तक कादंबरीकार चंद्रकांत काकोडकरांचं होतं, 'नीलांबरी'.

मी विचारलं, "तुम्ही वाचलंत का हे?"

"वाचायची काय गरज आहे? आमचे बाबा सांगत, या माणसाचं पुस्तक घरात आणायचं नाही."

आमच्या कार्यकारिणीतले एक ज्येष्ठ सदस्य बाजूच्या टेबलावर वर्तमानपत्र वाचत होते. ते उठून आले. त्या दिवसांत आमची ग्रंथपडताळणी चालू होती. फाटलेली, कसर लागलेली पुस्तकं बाद करण्याची, म्हणजे निर्लेखनाची, यादी काउंटरवरच होती. तिच्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "ताई, मी कधीचा सांगून राहिलो, यांचं सगळंच निर्लेखनात टाका. कशाला कटकट!"

मला राग आला, आणि तो मी लपवला नाही. पुस्तक जीर्ण झालं तर ते नियमानं बाद होतं. लेखकाचं नाव काही जीर्ण होत नाही.

मग मी त्या दोघांनाही बसवलं आणि मला माहीत होतं ते सांगितलं. 1962 साली 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात काकोडकरांची 'श्यामा' आली. निशिकांत नावाच्या कवीची आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या स्त्रियांची ही गोष्ट. ती अश्लील आहे म्हणून भारतीय दंड संहितेच्या कलम 292 खाली फिर्याद झाली. खालच्या कोर्टानं सोडलं, पण उच्च न्यायालयानं दोषी धरून लेखकाला पंचवीस रुपये दंड केला आणि अंक नष्ट करायला सांगितलं. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट 1969 मध्ये निर्दोष सुटले. त्या निकालातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. गोष्ट वाङ्मय म्हणून मोठी नसेल, लेखकाचा कच्चेपणाही तीत दिसत असेल, असं न्यायमूर्तींनी मोकळेपणानं म्हटलं. पण संपूर्ण वाचल्यावर ती अश्लील ठरत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिलं. पुस्तक सुमार असणं आणि पुस्तक घाण असणं, या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या. आपल्याकडे भलेभले लोक त्या एक करतात. कोवळ्या मुलांवर काय परिणाम होईल हाच तिथंही वादाचा मुद्दा होता. स्त्री-पुरुष संबंधांचा नुसता उल्लेख अश्लील धरला तर निव्वळ धार्मिक पुस्तकांशिवाय काही विकताच येणार नाही, असं न्यायालय म्हणालं.

"आणि ज्या 'नीलांबरी'वर तुम्ही रागावलात," मी म्हटलं, "तिच्यावर त्याच 1969 साली 'दो रास्ते' हा सिनेमा आला."

"राजेश खन्नाचा?" गृहस्थ चमकले. "तो तर आम्ही सहकुटुंब टीव्हीवर पाहिला."

हे सगळं मला माहीत असण्याचं कारण माझ्या शाळेत आहे. मी नागपूरच्या महाल भागात वाढले. आठवीत असताना आमच्या वर्गात काकोडकरांची एक कादंबरी फिरत होती, पुस्तकं भाड्यानं देणाऱ्या दुकानातून कुणाच्या तरी काकूच्या नावावर आणलेली. हातात घेतली की ती एका ठरावीक पानावर आपोआप उघडायची. तेवढंच पान बोटांच्या घामानं काळं पडलं होतं, मागची-पुढची पानं नव्यासारखी होती. माझी पाळी आली तेव्हा मी ती गच्चीवर, रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात पहिल्यापासून वाचली. त्या पानापर्यंत येता येता मला त्यातल्या बाईची इतकी काळजी लागली होती की, जे पान वाचून मैत्रिणी खिदळत होत्या ते वाचताना मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात मी तिची पूर्ण हकिगत सांगू लागले, पण कुणाला ऐकायची नव्हती. पुढे ती कादंबरी बाईंच्या हाती लागली. त्यांनी तेच पान उघडलं, कारण पुस्तक तिथंच उघडत होतं, आणि वर्गासमोर फाडली. माझ्या मनातून ते फाडणं कधी गेलं नाही. ग्रंथपाल झाल्यावर खटल्याची माहिती मी शोधून वाचली ती त्यामुळेच.

वडिलांची काळजी खोटी नव्हती, हेही मला मान्य आहे. मुलाच्या हातात मोबाइल आहे आणि त्यात काय काय येतं ते आपण सगळे जाणतो. स्वतःच्या मुलानं काय वाचावं हे ठरवण्याचा अधिकार त्यांना आहेच. तो इतर सभासदांच्या मुलांपर्यंत जात नाही, एवढंच मी त्यांना सांगितलं.

मुलगा तोवर गप्प उभा होता. मी त्याला विचारलं, तुला काय वाटलं रे पुस्तक?

"अर्धंच झालं होतं," तो म्हणाला. "शेवटी काय होते ते वाचायचं राहिलं."

वडिलांनी पुस्तक उचललं, दोन-चार पानं उलटली आणि म्हणाले, "माझ्या कार्डावर टाका. आधी मी वाचतो, मग त्याला देतो." मी नोंद केली. यापेक्षा चांगला निर्णय मी तरी सुचवू शकले नसते.

पुढच्या बैठकीत तो विषय निघालाच. मी निकालातला भाग मराठी करून वाचून दाखवला. काकोडकरांच्या ज्या प्रतींची पानं हातात सुटून येत होती त्या बाद झाल्या, बाकीच्या उघड्या मांडणीवर राहिल्या. अशा लेखकांसाठी कुलपाचं वेगळं कपाट करावं, अशी सूचना त्या ज्येष्ठ सदस्यांनी मांडली. मी विरोध नोंदवला आणि त्या कपाटासाठी जी यादी होईल तिच्यातलं प्रत्येक पुस्तक सुचवणाऱ्यानं आधी पूर्ण वाचावं, अशी अट इतिवृत्तात लिहून घेतली. ती यादी अजून कोणी दिलेली नाही.