एमी वर्नर, कवाई बेट आणि आमची ऊसतोडीची लेकरं

बीड, मंगळवार रात्र

दिवाळी झाली, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्याला गेल्या, आता गावात म्हातारी माणसं अन् लेकरंच राहिलीत. या दिवसांत मला एमी वर्नर ही अमेरिकेतली मानसशास्त्रज्ञ हटकून आठवते. एमएला तिच्यावर जेमतेम चार ओळी होत्या, पण या बाईनं केलेलं काम लई मोठंय. हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेली ६९८ लेकरं, ती अन् तिच्या सहकाऱ्यांनी लहानपणी बघितली, मग दहाव्या वर्षी, अठराव्या, बत्तिसाव्या अन् पार चाळिशीतही परत गाठली. आणि लेकरं कोणाची, तर बरीचशी उसाच्या मळ्यात राबणाऱ्यांची! हे वाचलं तेव्हा अंगावर काटाच आला.

त्यातली साधारण तिसरा हिस्सा लेकरं धोक्यातली, म्हणजे गरिबी, बाळंतपणातल्या अडचणी, घरात भांडणं, आईबापाची दारू नाहीतर मानसिक आजार. त्यांच्यातलीही तिसरा हिस्सा नीट मोठी झाली. का, तर बाकी कारणांसोबत एक ठळक दिसलं, आईबाप कमी पडले तरी जीव लावणारं एखादं मोठं माणूस जवळ होतं, आजी म्हणा, शेजारची बाई म्हणा, मास्तर म्हणा. आणि जी पोरं वयात येताना बिघडली त्यातलीही बहुतेक तिशी-चाळिशीपर्यंत सावरली, हे तर कुणी सांगतच नाही.

आज शाळेत चौथीतल्या एका पोराला घेऊन त्याची आजी आली होती. "लेकरू जेवंना गेलंय बाई, रात्री आईबापाच्या कोपीवर फोन लागला नाही की झोपंना." पोरगं तिच्या लुगड्याचा पदर मुठीत धरून, ती बोलायली तसं तिच्याच तोंडाकडं बघायलं. मला वाटलं, वर्नरबाई म्हणते ते माणूस हेच की. पण तिची बीपीची गोळी संपलेली, गुडघे दुखायलेत, तिला कोण विचारतंय?

ऑफिसला महिन्याला किती मुलांचं समुपदेशन झालं तो आकडा लागतो. मला हेच पोरगं पुढच्या वर्षीही बघायचंय, दहावीतही. त्याशिवाय काय कळणार हो? वेगळी वही केलीय त्यासाठी. उद्या हेडसरांना विचारते, शनिवारी सगळ्या आज्यांना शाळेत बोलवता येईल का, सिस्टरलाही बीपी बघायला बोलवू, आणि टोळ्या परतल्या की आईबापाशी बसून बोलायचंय.